बी.ए. नंतर एमबीए? उमरखेडकडच्या पोरीसाठी खरी माहिती हवी

पैनगंगाकाठ (धागाकर्ता)

राजेहो, नमस्कार. माझी लहान बहीण बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय इतिहास, राज्यशास्त्र आणि मराठी वाङ्मय. कॉलेज उमरखेड तालुक्यातलंच, सगळं शिक्षण मराठीतून. दहावीला 84 टक्के, बारावी आर्ट्सला 76. घरी सहा एकर, कापूस आणि सोयाबीन. मी गावातच कृषी केंद्रावर कामाला आहे.

पोरगी हुशार आहे, हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. गावातल्या तीन बचत गटांचा हिशेब तीच लिहिते. बँकेत बायांसोबत तीच जाते आणि मॅनेजरशी तीच बोलते. आता गावात ज्याला विचारावं तो तेच सांगते: बी.एड. कर, पोलीस भरती मार, नाही तं लग्न. मागच्या महिन्यात उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) बैठकीत आलेल्या एका ताईनं तिला सांगितलं की मीपण बी.ए. केलं आणि मग एमबीए. तेव्हापासून तिच्या डोक्यात ते बसलं आहे.

आर्ट्सवाल्याला खरंच घेतात का? इंग्रजीचं काय? पैसा किती लागते? आणि झाल्यावर नोकरी कुठं? बाबा म्हणतात, कर्ज काढून शिकवू, पण शिकून घरी बसली तं कर्ज कोण फेडणार. त्यांचं चूक आहे असं मला वाटत नाही.

संत्राबाग

भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. घेतात. मी मोर्शी तालुक्यातली, अमरावती विद्यापीठाची बी.ए. अर्थशास्त्र, आणि आज बुटीबोरीत एका कारखान्यात एचआरला आहे.

आपल्या राज्यात एमबीएसाठी सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा असते, राज्याचा सीईटी कक्ष घेतो. कोणत्याही शाखेची पदवी चालते. खुल्या वर्गाला 50 टक्के, राखीव प्रवर्गाला 45 टक्के लागतात. शेवटच्या वर्षाला असतानाही परीक्षा देता येते. 200 प्रश्न, 150 मिनिटं, चुकलं तरी गुण कापत नाहीत. त्यात 75 प्रश्न तर्कशक्तीचे, 25 आकृत्यांचे, 50 गणिताचे आणि 50 इंग्रजीचे. म्हणजे इंग्रजी भाषेची थेट परीक्षा पेपराच्या पाव भागात आहे. प्रश्न मात्र सगळे इंग्रजीतच वाचावे लागतात, त्यामुळे वाचायचा वेग आजपासून वाढवायला लागेल.

गणित म्हटलं की आर्ट्सच्या मुली घाबरतात. पण येतं ते शाळेतलंच: शेकडेवारी, गुणोत्तर, नफा-तोटा, काळ-काम-वेग. तुमची बहीण शेकडा दोन रुपये महिन्याचं व्याज काढते ना, तेच वर्षाला 24 टक्के होतं हे तिला कोणी शिकवावं लागत नाही. तिथून पुढं जायचं आहे.

प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून होतो. नागपूर विद्यापीठाचा आणि अमरावती विद्यापीठाचा स्वतःचा व्यवस्थापन विभाग आहे. तिथं फी खासगी कॉलेजांपेक्षा कमी असते. पसंतीक्रम भरताना हे दोन्ही वर ठेवा.

कपाशीचं_बोंड

मी उलटं बोलतो, राग मानू नका. माह्या पुतण्यानं एमबीए केलं. कॉलेजचं नाव लिहीत नाही, पण जिल्ह्याच्या गावापासून दूर माळावर बिल्डिंग, शिकवाले तीन जण, त्यातला एक दर सहा महिन्याले बदले. प्लेसमेंट, म्हणजे कॉलेजातून मिळणारी नोकरी, काय तं विमा विका, नाही तं फायनान्स कंपनीची वसुली करा. पोरगा वसुलीले लागला. आपल्याच गावच्या बायांच्या दारात सकाळी सातले उभं राहून हप्ता मागाचा. सहा महिन्यात सोडून आला.

त्याच पोराच्या संगतीचा एक जण साधा बी.ए. त्यानं एमबीए-बिमबीए काही केलं नाही. ग्रामीण बँकेच्या भरतीची आयबीपीएसची परीक्षा दिली, ऑफिसर स्केल वनले, म्हणजे पहिल्या पायरीचा अधिकारी म्हणून लागला. त्याले कोणतीही पदवी चालते आणि पेपर मराठीतून देता येते. आपल्या इकडची विदर्भ कोकण ग्रामीण बँक 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत आली आहे, म्हणजे पोस्टिंग राज्यात कुठंही मिळू शकते, पण नोकरी पक्की.

मंग कायले दोन वर्षं आणि लाखो रुपये घालवाचे? पोरीले बँकेची तयारी करू द्या.

वाचनकट्टा

मी अचलपूरकडे एका कला महाविद्यालयात इतिहास शिकवतो. कपाशीचं_बोंड यांचा अनुभव खरा आहे, असे विद्यार्थी मीही पाहतो. पण त्यातून निष्कर्ष 'वाईट कॉलेजात एमबीए करू नये' एवढाच निघतो. 'बी.ए.वाल्यानं व्यवस्थापन शिकू नये' हा निघत नाही.

आमच्याकडे एक समज घट्ट बसला आहे. सायन्सला नंबर लागला नाही म्हणून आर्ट्स, आणि आर्ट्स झालं म्हणून बी.एड. त्या मुलानं तीन वर्षांत काय कमावलं हे कोणी विचारतच नाही. इतिहासाचा चांगला विद्यार्थी एकाच घटनेची दोन साधनं समोर ठेवतो, कोण लिहितोय, कशासाठी लिहितोय हे तपासतो, आणि अपुऱ्या माहितीवर मत बनवून ते लेखी मांडतो. व्यवस्थापनाच्या वर्गात हेच चालतं. अहमदाबादचं आयआयएम (भारतीय व्यवस्थापन संस्था) 1961 मध्ये सुरू झालं तेव्हा हार्वर्डच्या सहकार्यानं तिथं केस पद्धत आली. एका संस्थेची खरी अडचण, कागदपत्रं, आकडे समोर ठेवायचे आणि वर्गानं वाद घालून निर्णयापर्यंत यायचं. यात अभियंता आपोआप पुढं असतो असं काही नाही.

आयआयएमच्या प्रवेशाच्या कॅट परीक्षेबद्दलही सांगतो, कारण आमच्या भागात ती फक्त इंजिनिअरांसाठी असते असं मुलं धरून चालतात. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास होते. दोन तास, तीन भाग, प्रत्येकाला 40 मिनिटं. पात्रता तीच, कोणतीही पदवी, 50 टक्के. अहमदाबादचं आयआयएम पदवीच्या शाखांचे गट करतं आणि प्रत्येक गटातल्या वरच्या मुलांना मुलाखतीला बोलावतं. म्हणजे कला शाखेच्या मुलीची स्पर्धा तिथं काही अंशी कला शाखेच्याच मुलांशी होते. इतरही काही आयआयएम मुली आणि बिगर-अभियांत्रिकी विद्यार्थी यांना निवडीत जादा गुण देतात. दहावी-बारावीचे गुण धरले जातात, तेव्हा तिचे 84 वाया जाणार नाहीत.

मात्र कॅटमध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापतात, आणि इंग्रजी उतारे अवघड असतात. मराठी माध्यमाच्या मुलीला त्यासाठी वर्ष-दीड वर्ष रोज वाचन लागेल. रोज इंग्रजी वर्तमानपत्राचं संपादकीय पान, त्यातला एक लेख मराठीत पाच वाक्यांत लिहून काढायचा. मी मुलांना हेच करायला लावतो. ज्यांनी नेटानं केलं त्यांची भीती गेली.

ढेप_आणि_सरकी

हा धागा वाचून राहवलं नाही. मी स्वतः बी.ए. (समाजशास्त्र), नंतर ग्रामीण व्यवस्थापन, आणि आता यवतमाळ जिल्ह्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीचं, म्हणजे शेतकरीच सभासद असलेल्या कंपनीचं काम पाहतो.

एमबीए म्हटलं की लोकांसमोर पुणे-मुंबईची काचेची इमारत येते. पण व्यवस्थापनाची टंचाई आपल्या गावात आहे. एक साधं उदाहरण घ्या. 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. कंपनीनं सभासदांकडून त्या भावानं 1,000 क्विंटल घ्यायचं ठरवलं तर 53 लाख 28 हजार लागतात. शेतकऱ्याला दिवाळी आहे, मजुरांचे चुकारे आहेत, त्याला पैसे आजच हवेत. तेल कारखाना पैसे देणार पंधरा दिवसांनी, महिन्यानं. मधल्या दिवसांचे 53 लाख आणायचे कुठून? त्यावर व्याज किती? माल 12 टक्के ओलाव्याच्या वर निघाला तर कट्टी म्हणजे कपात किती, आणि ती कोणाच्या अंगावर? हे गणित सुटलं नाही म्हणून सभासद पुन्हा व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. व्यापारी लबाड आहे म्हणूनच जातो असं नाही. त्याच्याकडे रोख आहे, म्हणून जातो.

कापसाचं तसंच. एक क्विंटल कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. 170 किलोची एक गाठ बांधायला पाच क्विंटलच्या आसपास कापूस लागतो. आता दोन शेतकऱ्यांचा कापूस दिसायला सारखाच, पण एकाचा रुईचा उतारा दोन टक्क्यांनी जास्त. त्याला जादा भाव कोण देतं? उतारा मोजून, नोंद ठेवून, जिनिंगवाल्याशी आणि सूतगिरणीशी आकडे समोर ठेवून बोलणारं माणूस लागतं. आमच्या संचालक मंडळात शेती कळणारे सगळे आहेत. ताळेबंद वाचणारे कमी आहेत, आणि ताळेबंद वाचून तो बायाबापड्यांना त्यांच्या भाषेत समजावणारे त्याहून कमी. भाऊ, तुमची बहीण ते काम आत्ताच करते आहे.

शिक्षणाच्या जागा सांगतो. गुजरातेत आणंदला इर्मा ही ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था आहे, वर्गीस कुरियन यांनी 1979 मध्ये उभी केली. सहकारी संस्थांना शेतकऱ्याच्या बाजूनं विचार करणारे व्यवस्थापक हवेत, हाच तिचा हेतू. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात खेड्यात राहून करायचं काम सक्तीचं. 2025 मध्ये संसदेच्या कायद्यानं तिथंच त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झालं आहे. प्रवेशाला कॅटचे गुण चालतात. शाखेची अट नाही. मुलाखतीत गावाबद्दल प्रश्न येतात आणि तिथं आपली मुलं शहरातल्यांपेक्षा कितीतरी सरस बोलतात.

आता दुसरी बाजू. केंद्र सरकारनं 2020 मध्ये 10,000 उत्पादक संस्थांची योजना आणली. प्रत्येक कंपनीला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत 18 लाखांपर्यंत मदत, त्यातूनच मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा पगार. तीन वर्षं संपली की पगार धंद्यातून काढावा लागतो. ज्या कंपनीचा धंदा उभा राहिला नाही तिथं पगार थांबतो. म्हणून शिकून लगेच गावच्या छोट्या कंपनीत येऊ नका असं मी नव्या मुलांना सांगतो. आधी तीन-चार वर्षं मोठ्या दूध संघात, कृषी कंपनीत, बँकेच्या ग्रामीण विभागात काढा. कर्ज फेडा. मग या. इथं काम संपणार नाही.

मोहफूल

मी गडचिरोलीत ग्रामसभांसोबत काम करते. ढेप_आणि_सरकी यांनी जे कापसाचं सांगितलं ते आमच्याकडे तेंदू आणि बांबूचं आहे.

आमच्या जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर सगळ्या गावाचा मिळून हक्क मिळाला. त्यानंतर कितीतरी ग्रामसभा स्वतः तेंदूपत्त्याचा लिलाव करायला लागल्या. 70 पानांचा एक पुडा, 1,000 पुड्यांची एक प्रमाणित गोणी. मजुरी वेगळी, रॉयल्टी वेगळी. कंत्राटदाराशी करारनामा, बँक हमी, हप्ते, आयकर, लेखापरीक्षण. हंगामात लाखो रुपये ग्रामसभेच्या खात्यात येतात आणि ते लिहून ठेवणारं माणूस बारावी पास, तेही मानधनावर. करारनाम्यातलं एक वाक्य नीट वाचलं नाही म्हणून गावाचे हप्ते अडकलेले मी पाहिले आहेत.

वनांत रस असेल तर भोपाळला भारतीय वन व्यवस्थापन संस्था आहे, 1982 ची. तिथंही कोणत्याही शाखेची पदवी चालते. आमच्या जिल्ह्यातली मुलं तिथं जाऊन परत आली पाहिजेत, अशी माझी फार इच्छा आहे.

आणि एमबीए हा एकच रस्ता धरू नका. टाटा समाजविज्ञान संस्थेचा तुळजापूरचा परिसर ग्रामीण विकासाचंच शिकवतो. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात डेव्हलपमेंटचं एम.ए. आहे, आणि घरची परिस्थिती पाहून फीमध्ये मोठी सूट मिळते. या पदव्यांच्या पुढं उमेद, माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ), स्वयंसेवी संस्था, कंपन्यांचे सीएसआर म्हणजे सामाजिक कामाचे विभाग असं काम असतं. पगार एमबीएपेक्षा कमी, पण कर्जही कमी.

पैनगंगाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. बहिणीला मोबाईलवर पूर्ण धागा वाचून दाखवला. ढेप_आणि_सरकी दादांचं सोयाबीनचं गणित तिनं वहीत उतरवून घेतलं आणि मला विचारलं, वर्षाला 12 टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज म्हणजे 53 हजार, ते क्विंटलमागं 53 रुपये पडते, मग कंपनी भाव कसा देईल? मला उत्तर देता आलं नाही.

पैशाचं कोणी नीट सांगा. जुन्या आयआयएमची फी 20 लाखांच्या वर आहे असं वाचलं. बाबांना तो आकडा सांगायची माझी हिंमत नाही.

खातेवही

मी बँकेतून निवृत्त झालो, शैक्षणिक कर्जाची प्रकरणं बरीच वर्षं पाहिली. बाबांना आधी फीचा आकडा सांगू नका. आधी हे सांगा की राज्य सरकारनं जुलै 2024 मध्ये निर्णय घेतला आहे: ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) प्रवर्गातल्या मुलींना, घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अट ही की प्रवेश कॅप फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतला तर ही सवलत गेली. खासगी आणि अभिमत विद्यापीठांनाही ती लागू नाही. कॉलेजचा एजंट घरी येऊन 'सीईटीची काय गरज, आम्ही थेट प्रवेश देतो' म्हणतो, तेव्हा तो तुमच्या मुलीची माफी घालवत असतो. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती वेगळी आहे. सगळे अर्ज महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर. राहण्या-जेवणाचा खर्च उरतो, त्याला पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेत अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मुलांनाही मदत मिळते.

कर्जाचं असं आहे. 4 लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही, आणि सरकारच्या पत हमी योजनेत 7.5 लाखांपर्यंत तारण किंवा तिसऱ्या माणसाचा जामीन लागत नाही. शेत गहाण टाकावं लागेल ही बाबांची भीती इथंच संपते. हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभरानं सुरू होतो. घरचं उत्पन्न 4.5 लाखांच्या आत असेल तर मान्यताप्राप्त संस्थेतल्या व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी तेवढ्या काळाचं व्याज केंद्र सरकार भरतं. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना निवडक चांगल्या संस्थांसाठी आहे. त्यात 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याज सवलत आहे.

माझं स्पष्ट मत: आयआयएमसारख्या जागेसाठी 20 लाखांचं कर्ज परवडू शकतं, कारण बँकही तिथल्या पगाराकडे पाहून देते. अनोळखी खासगी कॉलेजसाठी 5 लाखांचं कर्जही जड जातं. मी वसुलीच्या यादीत दुसऱ्या प्रकारचीच नावं जास्त पाहिली.

बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर: कंपनीनं 53 लाख स्वतःच्या माथ्यावर घ्यायचेच कशाला? बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत शेतकरी माल गोदामात ठेवून किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 6 टक्के व्याजानं उचलू शकतो, 180 दिवसांसाठी. शेतकऱ्याला गरजेपुरते पैसे मिळाले, माल विकायची घाई गेली, कंपनीला कमी भांडवल लागलं. पण गोदाम जवळ हवं. तिला विचारा, तिच्या गावापासून सर्वांत जवळचं गोदाम किती दूर आहे आणि तिथवरचं भाडं क्विंटलमागं किती पडतं. भाडं आणि तारणाचं व्याज मिळून 53 रुपयांपेक्षा कमी आलं तर रस्ता आहे.

कपाशीचं_बोंड

खातेवही काका, फी माफीचं मले ठाऊक नव्हतं. ही गोष्ट कॉलेजवाले सांगत नाहीत. तरी माह्यं एक म्हणणं राहते. कॉलेज निवडाच्या आधी मागच्या वर्षी पास झालेल्या पाच पोरांचे नंबर घ्या आणि स्वतः फोन लावा. कोणती नोकरी, कुठं, हाती किती पडते, हे त्यांच्याच तोंडून ऐका. माहितीपत्रकावरच्या फोटोवर जाऊ नका. पुतण्याच्या वेळेस हे केलं असतं तं बरं झालं असतं. आणि बँकेची परीक्षा सोबत देऊ द्या. तर्कशक्ती आणि गणित दोन्हीकडे तेच आहे.

संत्राबाग

हे अगदी खरं. माझ्यासोबतच्या दोघींनी सीईटी आणि बँक दोन्हीची तयारी एकत्र केली. एक बँकेत लागली, आणि तिनं नोकरी करताना इग्नू या मुक्त विद्यापीठाचं दूरस्थ एमबीए पूर्ण केलं. घरून लगेच बाहेर पाठवायला तयार नसतील तर हाही मार्ग आहे. पण दूरस्थ एमबीए नोकरीत असताना बढतीसाठी उपयोगी पडतं. पहिली नोकरी मिळवायला पूर्णवेळ वर्गाचा, गटचर्चेचा, उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपचा जो फायदा होतो तो त्यात नाही.

बहिणीला माझा निरोप द्या. मुलाखतीत 'मी खेड्यातली, माझं इंग्रजी कच्चं' असं सुरुवातीलाच बोलू नकोस. बचत गटांचं बोल. किती बाया, किती बचत, कर्ज कोणाला दिलं, कोणाचं थकलं, थकल्यावर तू काय केलंस. इंग्रजीची वाक्यं साधी असली तरी चालतील. एवढ्या वयात दुसऱ्यांच्या पैशाची जबाबदारी घेतलेली मुलगी समोर बसली तर कोणीही नीट ऐकतं.

वाचनकट्टा

मुख्यमंत्री फेलोशिपही लक्षात असू द्या. पदवीला 60 टक्के, एक वर्षाचा अनुभव आणि वय 21 ते 26. जिल्हाधिकारी कार्यालयासारख्या ठिकाणी वर्षभर काम मिळतं. एमबीएच्या आधी केली तर मुलाखतीत वजन पडतं. तिनं शेवटच्या वर्षाचे गुण मात्र 60 च्या वर न्यावेत.

पैनगंगाकाठ (धागाकर्ता)

काल रात्री बाबांसोबत बसलो. शेत गहाण टाकावं लागणार नाही हे ऐकल्यावर त्यांनी पुढचं ऐकून घेतलं. ठरलं ते असं: यंदा सीईटी आणि ग्रामीण बँक दोन्ही. पुढच्या वर्षी कॅट, ते जमलं तर आणंद. कॉलेज मॅनेजमेंट कोट्यातून घ्यायचं नाही. गोदाम उमरखेडला आहे, भाड्याचा हिशेब ती काढते आहे, काढला की इथं टाकीन. आता कागदपत्रं कोणती तयार ठेवू? आम्ही कुणबी, ओबीसीत येतो.

खातेवही

आजच कामाला लागा, कारण प्रवेश बहुतेक कागदांवरच अडतात. जातीचा दाखला आहे हे पुरेसं नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. जिल्हा जात पडताळणी समितीकडे अर्ज करून ते यायला महिने जातात. वडिलांचं किंवा सख्ख्या काकांचं वैधता प्रमाणपत्र असेल तर प्रकरण सोपं होतं. नसेल तर आजोबांच्या शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींची) नक्कल शोधायला लागा. नॉन-क्रिमिलेअर चालू वर्षाचं हवं, त्याची मुदत 31 मार्चला संपते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, तिच्या नावाचं आधार जोडलेलं बँक खातं. कॅटसाठी ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात वेगळं काढावं लागतं, राज्याचं चालत नाही. सेतू केंद्रावर गेलात की 'केंद्राच्या नमुन्यातलं' असं स्पष्ट सांगा, नाही तर ते राज्याचंच हातात देतात.